पडद्यामागील मास्तर



नटाचा लौकिक रंगभूमीवर दिसतो. परंतु त्याचें आयुष्य घडतें तें पडद्यामागें, तालमींत. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासांत या गोष्टीची साक्ष देणारी एक गुरुपरंपरा आहे. आणि तिचा उगम बेळगांवच्या एका शाळेंत झाला, हें सांगतांना मजसारख्या निवृत्त शिक्षकास विशेष समाधान वाटतें.

अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगांवीं शिक्षक असतां सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी होते. पुढें ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग होऊन किर्लोस्कर नाटक मंडळीचा पाया घातला गेला, तेव्हां गुरूमागून शिष्यहि या व्यवसायांत आला. देवलांनीं भूमिका केल्या. परंतु त्यांची खरी योग्यता तालीम देण्यांत होती. १८८५ सालीं अण्णासाहेब निवर्तले, तरी मंडळी मोडली नाहीं. याचें श्रेय नटांच्या गळ्याइतकेंच देवलांच्या तालमीस आणि त्यांच्या ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ या नाटकांस दिलें पाहिजे.

नाटक मंडळी ही एक फिरती शाळाच असे. बिऱ्हाड एक, पंगत एक. नवा मुलगा आधीं आपली नक्कल पाठ करी. मग वाक्याचा अर्थ काय, कोणत्या शब्दावर भार द्यावा, भाषण संपवून पदांत कसें शिरावें, हें तालीममास्तर त्याच्याकडून घोटून घेई. रंगपट सांभाळणारा, पडदा ओढणारा, पेटी-तबल्याची साथ करणारा, यांपैकीं एकाचीहि वेळ चुकली तर नायकाचें गाणें व्यर्थ.

स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्यामुळें अशा नटाचें भांडवल म्हणजे तारुण्य. तें ओसरल्यावर काय? भाऊराव कोल्हटकरांनीं त्याचें उत्तर दिलें. सुभद्रेच्या भूमिकेनें प्रेक्षकांस वेड लावणाऱ्या या नटानें १८९९ सालीं ‘शारदें’त कोदंड ही पुरुषभूमिका उभी केली. दोनच वर्षांनीं त्यांचें निधन झालें.

१९०५ सालीं १७ वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस मंडळींत आले. गळा ईश्वरानें दिलेला होता. अभिनय देवलांनीं शिकविला. हेच बालगंधर्व. १९१३ सालीं त्यांनीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ सालीं देवल वारले. त्याच वर्षीं गंधर्व मंडळीनें त्यांचें ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलें. त्यांतील फाल्गुनराव बोडसांनीं अजरामर केला.

पुढें टेंबे गेले, बोडसहि गेले. एकट्या नारायणरावांनीं वैभवांत उणें पडूं दिलें नाहीं. तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष! परंतु कर्ज वाढत गेलें. बोलपट आले. १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ बोलपटांत त्यांस एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेंत कॅमेऱ्यापुढें उभें राहावें लागलें. अभिनय शिकविणारा मास्तर त्यांस मिळाला होता. मंडळीचा हिशेब शिकविणारा मिळाला नाहीं.

म्हणून आज ज्या घरांतील मुलगा वा मुलगी नाटकाच्या व्यवसायांत जाऊं म्हणेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं अडवूं नये. मात्र एक विचारावें: तालीम कोणापाशीं घेणार, आणि पडद्यामागचें कोणतें काम शिकणार? ‘संशयकल्लोळ’ पाहून लोक आजहि हंसतात. त्या हंसण्यांत बेळगांवच्या त्या वर्गाचा वांटा आहे.