दिवेलागणीचं गाठोडं

१९७४ साली माझी आजी रोज दिवेलागणीला गाठोडं बांधायची. दोन लुगडी, चुन्याची डबी आणि आजोबांचा अडकित्ता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर ती पाठ ताठ करून बसायची आणि माझ्या आईला म्हणायची, "बाई, मले घरी जाऊ दे. माय वाट पायते." तिची माय जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आई वाद घालायची नाही. "आजची गाडी गेली जी, उद्या सकाळी जाऊ," म्हणून तिच्या हातात पानाचा विडा द्यायची. आजी झोपली की आई गाठोडं सोडून लुगडी पुन्हा घडीला ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चार वर्षं चाललं.

एकदा दाराची कडी लावायची राहिली आणि आजी थेट शुक्रवारी तलावाच्या काठी सापडली. शेजारी म्हणाले, म्हातारचळ लागला. कुणी भगताचं नाव सुचवलं. एक जण बाबांना म्हणाला, "पागलखान्यात टाकून द्या." बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

पुढे मी परिचारिका झाले, तेव्हा 'पागलखाना' या शब्दाचा मागोवा घेतला. मध्य प्रांत १८६१ साली झाला आणि नागपूर त्याची राजधानी. तीनच वर्षांनी, १८६४ साली, इथे वेड्यांचं इस्पितळ निघालं. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण छिंदवाडा रोडवरच्या चौकाला गाव अजून पागलखाना चौकच म्हणतं. १८५८ च्या कायद्याने वाट चुकून भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं आणि त्याच्या हुकमाने आत पाठवायचं. तो काळ असता तर तलावाकाठी बसलेल्या आजीची वाटही तीच होती, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

त्या काळच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत 'डिमेन्शिया' हा शब्द आहे. पण त्याचा अर्थ म्हातारपणाचा विसर असा नव्हता. कुठल्याही वयाच्या, वेडाने पार थकलेल्या माणसाला तो लावत. वेडाच्या कारणाच्या रकान्यात तर वारंवार एकच नोंद यायची: गांजा. १८९३-९४ च्या गांजा-भांग चौकशी आयोगाने देशभरच्या अशा नोंदी तपासल्या आणि त्या भरवशाच्या नाहीत, असं स्पष्ट लिहिलं. रकाना बहुधा पोलिसांच्या कागदावरून भरलेला असे. माणूस कोण, त्याच्या घरी काय झालं, हे विचारायला कुणी गेलेलंच नव्हतं.

विचारणारा भेटला तो तिकडे फ्रँकफुर्टला. १९०१ साली ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई इस्पितळात आली. आलोईस अल्झायमर या डॉक्टरने तिच्यासमोर बसून तिला तिचं नाव लिहायला सांगितलं. तिला ते पुरं करता येईना. तो रोज प्रश्न विचारत गेला आणि उत्तरं लिहून ठेवत गेला. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि आत पडलेला तंतूंचा गुंता त्याला दिसला. आजही संशोधन याच दोन गोष्टींभोवती फिरतं. पुटं विरघळवणारं लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. ते आजाराची चाल थोडी मंदावतं, आजार थांबवत नाही.

अल्झायमरचा हा आजार बहुतेकदा ताज्या आठवणी धरणाऱ्या भागापासून सुरू होतो. म्हणून सकाळचं जेवण पुसलं जातं आणि माहेरची वाट उरते. आजीचं गाठोडं मला तेव्हा कळलं.

२०११ साली माझ्या आईने तसंच गाठोडं बांधलं. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून आम्हाला परत पाठवलं. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासलं नाही. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो, पण तो बरा होऊ शकतो. आईचा तसा नव्हता. तिची सात वर्षं माझ्या भावजयीने काढली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. त्यातल्या बहुतेकांचा दवाखाना म्हणजे घरातली एक बाई. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते गोव्याचं काम. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलणं केलं, कसं वागायचं ते दाखवलं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. वाद घालू नका, त्यांच्या बोलण्याला धरून चला, हे आज प्रशिक्षणात शिकवतात. माझ्या आईला ते विड्यासकट येत होतं, आणि तिला चार वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, तू झोपलीस का?

तुमच्या नात्यात असं घर असेल तर या रविवारी तिथे जा. म्हाताऱ्या माणसाजवळ चार तास तुम्ही बसा, आणि सांभाळणाऱ्या बाईला झोपू द्या.