गिरणीतली गैरहजेरी आणि नागपूरचा जुना उपाय

"डॉक्टर, दोन दिवसांचं सर्टिफिकेट द्या ना!" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ताप असतोच असं नाही. नोकरी नकोशी झाली की अंगही दुखतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. मालकांना हे कोडं फार पूर्वीपासून पडलं आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. यंत्रं आली, पण कामगारांची हजेरी काही जमेना. त्या काळचा रूढ उपाय म्हणजे दंड किंवा हकालपट्टी. जमशेटजी आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळी वाट धरली. गिरणीत हवा खेळती ठेवली, आग विझवणारे फवारे आणि हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली. (खरं सांगायचं तर ओलावा सुतालाही हवाच होता. कोरड्या हवेत धागा पटापट तुटतो.) पुढे अपघात विमा आणि भविष्य निर्वाह निधी आला. खेळांचे दिवस ठरले, घरच्यांसमोर बक्षिसं वाटली जाऊ लागली. हळूहळू हजेरी सुधारली.

यातलं नेमकं कोणतं औषध लागू पडलं? मला विचाराल तर विमा आणि निधी. उद्या यंत्रात हात गेला तर घर कसं चालेल, ही धास्ती डोक्यात असलेल्या माणसाला झोप लागत नाही आणि कामात लक्षही लागत नाही. बक्षिसाचा आनंद चार दिवस टिकतो.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९२० मध्ये पगारी रजा. तरीही तिथे १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झालेच! दवाखाना दिला म्हणून कमी पगाराचा किंवा नोकरकपातीचा राग जात नाही.

आता तुमच्या कंपनीकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. मात्र फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. तेव्हा वृक्षारोपणाचा टी-शर्ट मिळाला तर आनंदाने घाला, पण तुमच्या खात्यातला धूळ ओढणारा पंखा त्या पैशातून येणार नाही. तो वेगळा मागावा लागेल.