दिनविशेष : माहीमचा मेळा आजपासून

सूफी विद्वान मखदूम अली माहिमी (1372-1431) यांच्या दर्ग्याचा दहा दिवसांचा मेळा आज सुरू होतोय. पहिल्या संदलाचा, म्हणजे चंदनाच्या मिरवणुकीचा, मान मुंबई पोलिसांचा. माहीम पोलीस ठाण्याच्या जागी बाबांचं वास्तव्य होतं, अशी श्रद्धा. मग मोहल्ल्यामोहल्ल्यांचे संदल, बँड, ढोलताशे; किनाऱ्यावर आकाशपाळणे. नेवाडाच्या वाळवंटात लाकडी पुतळा जाळणारा ‘बर्निंग मॅन’ हा कलामहोत्सवही 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरच सुरू झाला. तिथलं तिकीट आता शेकडो डॉलरचं. माहीमला तिकीट फक्त पाळण्याला. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणाऱ्या पंडिताच्या नावानं लोक परातीएवढ्या पराठ्याचे तुकडे हलव्याशी खातात, हे आम्हाला भारी आवडतं.