रक्ताचा प्रश्न आणि जनुकांची शाळा

महाड-पोलादपूरकडे रक्त म्हटलं की पहिल्यांदा भावकी आठवते, मग सोयरीक. वैद्यकीय जनुकशास्त्राचा आपल्याकडचा इतिहासही याच दोन शब्दांभोवती फिरतो. तो नुसत्या प्रयोगशाळेतून सांगता येत नाही.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे अकरा वर्षांनी, 20 मार्च 1927 ला, ते इथे चवदार तळ्यावर आले. आता बघा, 1949 च्या सुमारास मुंबईत डॉ. संघवी आणि डॉ. खानोलकर यांनी आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा समूहांतली सात आनुवंशिक लक्षणं तपासली. समाजशास्त्राने जिथे बोट ठेवलं होतं, तिथेच जीवशास्त्राने मोजमाप सुरू केलं.

मग 1952 साल. परळचं केईएम, गिरणगावातलं रुग्णालय. आपल्या भागातून गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनाही जवळचं. तिथे काही जणांचं रक्त कुणाशीच जुळेना, ओ गटाशीसुद्धा नाही! डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा प्रकार ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. या माणसांच्या लाल पेशींवर एच नावाचा पदार्थच नसतो. ओ गटाच्या रक्तात तो असतो, म्हणून तेही चालत नाही. मुंबईत असा माणूस साधारण 10,000 मध्ये एक.

हे होतं कसं? आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच. दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न झालं, तर दोघांकडे एकच जनुक असण्याचा संभव वाढतो. म्हणजे ‘रक्त आपल्यातच राहावं’ हा हट्ट कधीकधी रक्तालाच महाग पडतो.

लक्षात घ्या, भेंडे यांच्या काळात या विषयाचा वेगळा अभ्यासक्रम नव्हता. रुग्णाच्या खाटेशी प्रश्न उभा राहिला आणि त्यातून संस्था उभ्या राहिल्या. 1957 मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र निघालं, तीच आजची एनआयआयएच. पुढे लखनौच्या संजय गांधी संस्थेत वैद्यकीय जनुकशास्त्राचं डीएम शिक्षण सुरू झालं.

आजची वाट लांब आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षं, नंतर बालरोग, मेडिसिन किंवा स्त्रीरोग यांत तीन, मग डीएमची तीन. साडेअकरा वर्षं झाली, आणि मधल्या प्रवेशपरीक्षा वेगळ्याच. डॉक्टर न होताही एमएस्सी करून प्रयोगशाळेत किंवा जनुकीय समुपदेशनात जाता येतं.

इतकी वर्षं कशासाठी, असं पालक विचारतील. उत्तर सोपं आहे. आजारी मूल झालं की आपल्याकडे दोष सुनेच्या माथी मारतात. जनुक दोन्हीकडून आलंय, हे तिच्या सासूला मराठीत, तिच्याच शब्दांत, समजावणारं कुणीतरी हवं. भावकी आणि सोयरीक हे शब्द कळणारं इथलं मूल त्या कामाला निम्मं तयार असतं. उरलेलं निम्मं शिकायला त्याला पाठवणं, हे आपलं काम.