लार्श: बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे सहायक यांचे सहजीवन

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या मनात एक प्रश्न कायम घर करून असतो: आपल्या पश्चात याचे कसे होणार? विशेष शाळा काही वर्षे आधार देते. शाळेचे वय संपले की मूल पुन्हा घराच्या चार भिंतींत येते. आईवडील थकत जातात, भावंडे आपापल्या संसारात गुंततात. अशा प्रौढ व्यक्तींसाठी संस्थेतील खाट आणि दोन वेळचे जेवण एवढीच सोय असावी, की त्यांनाही घर, काम, मित्रमंडळी आणि प्रार्थना यांनी भरलेले आयुष्य मिळावे, या प्रश्नाला ख्रिस्ती जगतात मिळालेले एक ठळक उत्तर म्हणजे ‘लार्श’ हा समुदाय. त्याची घडण, तेथील दिनक्रम, भारतातील शाखा आणि अलीकडच्या काळात त्याला पचवावे लागलेले कटू सत्य यांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

नाव आणि उगम

‘लार्श’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘तारू’ असा होतो. जलप्रलयात ज्या तारवाने नोहाच्या कुटुंबाला आणि प्राणिमात्रांना आसरा दिला, त्यावरून हे नाव घेतले गेले.

समुदायाचे संस्थापक जाँ व्हानिए यांचा जन्म १९२८ साली जिनिव्हा येथे एका कॅनेडियन कुटुंबात झाला. त्यांचे वडील जॉर्ज व्हानिए पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. तरुणपणी नौदलात अधिकारी असलेल्या जाँ यांनी १९५० साली ती नोकरी सोडली आणि पुढे ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक, डॉमिनिकन धर्मगुरू थॉमा फिलिप, हे त्या काळी पॅरिसच्या उत्तरेस काँपिएन्यच्या अरण्याजवळ असलेल्या त्रोली-ब्रय या खेड्यातील एका छोट्या संस्थेत आध्यात्मिक सेवा करीत होते. बौद्धिक दिव्यांग पुरुषांसाठी चालवल्या जाणाऱ्या त्या संस्थेचे नाव ‘व्हाल फ्लरी’ असे होते.

त्या काळात युरोपातही अशा व्यक्तींना मोठमोठ्या बंदिस्त आश्रयगृहांत ठेवण्याची रीत होती. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हानिए यांनी त्रोली येथे एक साधेसुधे घर घेतले आणि अशाच एका आश्रयगृहातून राफाएल सिमी व फिलिप सो या दोघांना आपल्याबरोबर राहण्यास आणले. पुढच्याच वर्षी व्हाल फ्लरीची जबाबदारीही व्हानिए यांच्याकडे आली. १९६९ साली कॅनडात टोरांटोजवळ ‘डेब्रेक’ हा समुदाय सुरू झाला. तो सुरू करणारे दांपत्य अँग्लिकन पंथाचे होते. कॅथलिक मुळातून उगवलेले हे झाड अशा रीतीने इतर ख्रिस्ती पंथांच्या अंगणातही रुजले. आज सुमारे अडतीस देशांत मिळून दीडशेहून अधिक लार्श समुदाय आहेत.

१९७१ साली व्हानिए आणि मारी-एलेन मातिए यांच्या पुढाकाराने लुर्द येथे ईस्टरच्या दिवसांत बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि मित्र यांची मोठी तीर्थयात्रा निघाली. सुमारे बारा हजार लोकांच्या या यात्रेतून ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ही चळवळ उदयास आली. लार्शमध्ये सदस्य एका छपराखाली राहतात. ‘श्रद्धा आणि प्रकाश’ चळवळीत मात्र मुले आपापल्या घरीच राहतात, आणि त्यांचे कुटुंबीय व मित्र ठरावीक दिवशी भेटी, प्रार्थना आणि सणासाठी एकत्र जमतात. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्या धर्मग्रामात निवासाची सोय उभी करणे शक्य नाही, तेथेही दुसरी वाट खुली राहते.

घर, कार्यशाळा आणि दिनक्रम

एका लार्श समुदायात सामान्यतः काही घरे आणि त्यांना जोडून एखादी कार्यशाळा किंवा दिवसभराच्या कामाचे केंद्र असते. प्रत्येक घरात थोड्याच व्यक्ती राहतात. त्यांत दिव्यांग सदस्य असतात आणि त्यांच्यासोबत ‘सहायक’ असतात. उत्तर अमेरिकेत दिव्यांग सदस्यांना ‘कोअर मेंबर’ म्हणजे समुदायाच्या गाभ्याचे सदस्य म्हणतात. घर त्यांचे आहे आणि सहायक त्या घरात येऊन राहतात, ही दृष्टी त्या नावात आहे.

सकाळी अंघोळ, न्याहारी, औषधे, कपडे यांत कोणाला किती मदत लागते ते ज्याच्या त्याच्या क्षमतेवर ठरते. ज्याला स्वतः पाव कापता येतो त्याचा पाव दुसऱ्याने कापायचा नाही, हा साधा नियम येथे शिक्षणाचा पाया ठरतो. दिवसा मेणबत्त्या बनवणे, विणकाम, मातीकाम, बागकाम अशी कामे चालतात. कामाचा वेग मंद असला, तरी आपण केलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडते ही जाणीव माणसाला ताठ मानेने उभे करते. संध्याकाळचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे असते. जेवणानंतर मेणबत्तीभोवती बसून प्रार्थना होते. ज्याला बोलता येत नाही तो हात धरून किंवा नुसते शांत बसून तीत सहभागी होतो.

वाढदिवस हा लार्शमधील मोठा सण. त्या दिवशी प्रत्येकजण उत्सवमूर्तीविषयी बोलतो, आणि त्याच्यामुळे आपल्याला काय लाभले ते सर्वांसमक्ष सांगतो. आयुष्यभर ‘ओझे’ म्हणून गणल्या गेलेल्या व्यक्तीने आपल्या देणगीचे कौतुक ऐकावे, याचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. पवित्र गुरुवारी एकमेकांचे पाय धुण्याची प्रथाही समुदायांत जपली जाते. निरनिराळ्या पंथांच्या सदस्यांना एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. पाय धुण्याच्या कृतीत मात्र सर्वांना सहभागी होता येते, म्हणून तिला येथे विशेष स्थान आहे.

सहायकांचे जीवन

सहायक म्हणून येणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा असतो. काही जण एखादे वर्ष राहतात, काही जण संपूर्ण आयुष्य देतात. आरंभी बहुतेक सेवाव्रती म्हणून अल्प मानधनावर राहत. आज अनेक देशांत शासकीय अनुदान, कामगार कायदे आणि नियमित वेतन यांच्या चौकटीत हे काम चालते. नव्या सहायकाला प्राथमिक प्रशिक्षण दिले जाते. शिवाय एखादी अनुभवी व्यक्ती त्याला ठरावीक काळाने भेटते, त्याचे कष्ट, चिडचिड, एकटेपणा ऐकून घेते.

ही गरज कल्पनेतली नाही. समोरच्याच्या वेदनेमुळे मदत करणाऱ्याच्या मनातील राग आणि भय वर येतात, हे या कामात पडलेला प्रत्येकजण जाणतो. विश्रांतीचा दिवस, रजा आणि मन मोकळे करण्याची जागा मिळाली नाही, तर उत्तम मनाचा सहायकही कोरडा पडतो. सहायक वारंवार बदलल्याने दिव्यांग सदस्यांना पुन्हा पुन्हा विरह सोसावा लागतो, ही या जीवनपद्धतीची कायमची दुखरी बाजू आहे.

प्राध्यापकाने घेतलेले धडे

सहायकांमध्ये सर्वाधिक प्रसिद्ध नाव फादर हेन्री नॉवेन यांचे. १९३२ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेले हे धर्मगुरू नोत्र दाम, येल आणि हार्वर्ड या अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांत शिकवत होते. हार्वर्ड सोडून ते त्रोली येथे वर्षभर राहिले आणि १९८६ साली डेब्रेक समुदायात आध्यात्मिक सेवेसाठी रुजू झाले. तेथे त्यांच्याकडे अ‍ॅडम नावाच्या तरुणाची सकाळची जबाबदारी आली. अ‍ॅडमला बोलता येत नव्हते, आधाराशिवाय चालता येत नव्हते, वरचेवर फिट येत. त्याला उठवणे, न्हाऊ घालणे, कपडे घालणे, भरवणे यात बराच वेळ जाई. ग्रंथ लिहिणाऱ्या आणि जगभर व्याख्याने देणाऱ्या या प्राध्यापकाला आरंभी भीती वाटली. पुढे तीच वेळ त्यांच्या दिवसातील सर्वांत निवांत आणि प्रार्थनामय वेळ ठरली. अ‍ॅडम १९९६ साली वारला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फादर नॉवेनही देवाघरी गेले. अ‍ॅडमवरील त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

भारतातील आशा निकेतन

१९७० साली बंगळुरू येथे भारतातील पहिला लार्श समुदाय सुरू झाला. त्याला ‘आशा निकेतन’ हे नाव देण्यात आले. पुढे कोलकाता, चेन्नई आणि केरळमधील कोझिकोडे जिल्ह्यातही आशा निकेतन उभे राहिले. येथे हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती असे विविध धर्मांचे सदस्य व सहायक एकत्र नांदतात. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी सर्वांच्या परंपरांना स्थान मिळते आणि दिवाळी, ईद, नाताळ हे सण घरचेच म्हणून साजरे होतात. फ्रान्समधील कॅथलिक समुदायाला आंतरधर्मीय सहजीवनाचा अनुभव प्रथम भारतभूमीने दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

संस्थापकाविषयीचे कटू सत्य

व्हानिए यांना २०१५ साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला. ७ मे २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांनी त्यांना संतच मानले होते. परंतु त्यांच्या हयातीतच पुढे आलेल्या तक्रारींवरून लार्शने स्वतःहून बाहेरच्या तज्ज्ञांकडे चौकशी सोपवली होती. तिचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून किमान सहा प्रौढ स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. जानेवारी २०२३ मध्ये अभ्यास आयोगाचा सविस्तर अहवाल आला, त्यात अशा स्त्रियांची संख्या पंचवीस दिली आहे. त्या स्त्रिया बौद्धिक दिव्यांग नव्हत्या, आणि दिव्यांग सदस्यांचे त्यांनी शोषण केल्याचा पुरावा चौकशीत आढळला नाही. फादर थॉमा फिलिप यांना अशाच गैरवर्तनासाठी १९५६ सालीच व्हॅटिकनने शिक्षा केली होती. व्हानिए यांना याची कल्पना होती, तरीही त्यांनी ते दडवून ठेवले, हेही उघड झाले.

हा आघात केवळ लार्शचा नव्हता. ज्या स्त्रियांनी विश्वासाने मन उघडले त्यांची फसवणूक झाली, आणि त्यांचे ऐकून घेण्यास कित्येक दशके लागली. या प्रकरणाचा एक धडा असा, की एखाद्या व्यक्तीचे सत्कार्य कितीही थोर असले, तरी तिला प्रश्न विचारण्याची सोय असलीच पाहिजे. दुसरा धडा असा, की समुदायाचा पाया संस्थापकाच्या कीर्तीवर ठेवू नये. लार्शच्या नेतृत्वाने सत्य लपवले नाही, पीडितांची बाजू घेतली, आणि घराघरांतील रोजचे जीवन पुढे चालू राहिले. जेथे दुर्बल व्यक्ती राहतात अशा कोणत्याही ख्रिस्ती संस्थेत तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा आणि स्पष्ट नियम असणे ही प्रेमाचीच मागणी आहे.

संस्कार आणि धर्मशिक्षण

‘याला काय कळते?’ असे म्हणून बौद्धिक दिव्यांग मुलांना संस्कारांपासून दूर ठेवण्याची प्रवृत्ती आपल्याकडे अजून आढळते. ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ७७७ नुसार शारीरिक वा मानसिक अडचण असलेल्यांना त्यांच्या स्थितीला झेपेल असे धर्मशिक्षण मिळेल, याची काळजी प्रमुख धर्मगुरूंनी घ्यावयाची आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या पत्रात स्पष्ट केले, की बाप्तिस्मा व दृढीकरण झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना शक्य असेल तेथे ख्रिस्तप्रसाद द्यावा, कारण त्या तो आपल्या कुटुंबाच्या किंवा सोबतच्या समुदायाच्या श्रद्धेतही स्वीकारतात. २०२० च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेने याहून पुढे जाऊन, दिव्यांग व्यक्ती स्वतः धर्मशिक्षक व्हाव्यात अशी आशा व्यक्त केली आहे. संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दुर्बल अवयवांविषयी जे सांगितले आहे, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

कुटुंबांसाठी काही उपयुक्त माहिती

पूर्वी सर्रास वापरला जाणारा ‘मतिमंद’ हा शब्द आता टाळला जातो. त्याऐवजी ‘बौद्धिक दिव्यांग’ किंवा ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ असे म्हणणे योग्य. भारताने दिव्यांग हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली मान्य केला. त्यानुसार केलेल्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात असून, त्यासाठीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजनाही आहे. आईवडिलांनी हातीपायी धड असतानाच ही कागदपत्रे पूर्ण करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

लार्शसारखे घर उभारणे हे एका दिवसाचे काम नाही. परंतु आपल्या धर्मग्रामात अशी किती कुटुंबे आहेत याची नोंद करणे, महिन्यातून एकदा त्यांना एकत्र आणणे, रविवारच्या मिस्सेत त्यांच्या मुलांसाठी पुढची जागा राखणे, आणि थकलेल्या आईला चार तासांची उसंत मिळावी म्हणून तिच्या मुलाजवळ बसणे, एवढे तर कोणत्याही युवासंघाला किंवा महिला मंडळाला करता येईल. ‘आमच्या पश्चात काय?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या आईवडिलांनी शोधावयाचे नसून ते साऱ्या धर्मग्रामाने मिळून द्यावयाचे आहे.