दाद द्यायची आणि दाद मागायची

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन कामं करतो. गाणं आवडलं की आपण दाद देतो आणि अन्याय झाला की दाद मागतो. शब्द फारसीतून आला. तिथे ‘दाद’ म्हणजे न्याय. म्हणजे गाणाऱ्याला ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता एका परीनं न्यायनिवाडाच करत असतो. गझलेच्या मुशायऱ्यात समोरून ‘मुकर्रर’ असा आवाज आला की शेर पुन्हा वाचायचा, हा शिरस्ता. आपल्या संगीत नाटकांत त्यालाच ‘वन्स मोअर’ म्हणत. ऐकणारा आणि ऐकवणारा एकाच छपराखाली असत, त्यामुळे मत पोहोचवायला टपालही लागत नसे आणि यंत्रही.

मग मध्ये यंत्र आलं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. गाणारा एका बंद खोलीत आणि ऐकणारा आपल्या घरात. तेव्हापासून आजतागायत शहरातल्या साध्या माणसानं आपलं मत त्या खोलीपर्यंत कसं पोहोचवलं, हा मला मोठा मनोरंजक इतिहास वाटतो.

सुरुवातीला श्रोत्याकडे फक्त लायसन्स होतं. रेडिओ घ्यायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढायचा, दरवर्षी तो नवा करायचा. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. पैसे श्रोता भरी, पण काय ऐकायचं ते सरकार ठरवी. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी फार मोठं काम केलं, हे मान्यच करायला हवं. पण सिनेसंगीताला त्यांनी आकाशवाणीची दारं जवळजवळ बंद केली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, सभा घेतल्या नाहीत. त्यांनी फक्त रेडिओचं बटण फिरवलं आणि काटा रेडिओ सिलोनवर नेला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी पुढे मुलाखतींमधून सांगत. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. बटण फिरवण्यातही किती ताकद असते, हे तेव्हा दिसलं.

गीतमालेत गाण्यांची उतरंड ठरे ती रेकॉर्डच्या विक्रीवर आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांच्या पत्रांवर. आताच्या झारखंडमधलं झुमरी तलैया हे गाव देशाला माहीत झालं ते तिथल्या लोकांच्या फर्माइशींमुळे. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरंही ‘आपली आवड’साठी पोस्टकार्ड लिहीत. पंधरा पैशांच्या एका कार्डावर दहा नावं. गाणं तीन मिनिटांचं आणि नावांची यादी त्याहून लांब, असा प्रकार. पण सुलेमान, बाळू, अन्वर, शकुंतला अशी नावं एका दमात आकाशातून ऐकू आली की गल्लीत सणासारखं वाटे. त्या मताला नाव होतं, गाव होतं, आणि ते चारचौघांत वाचलं जात होतं.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तरी पोस्टमन सुटला नाही. १९९०च्या दशकात सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ला इतकी कार्डं येऊ लागली की टपाल खात्यानं दोन रुपयांचं वेगळं ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढलं. तोवर केबल आली होती. १९९१च्या आखाती युद्धाबरोबर परदेशी वाहिन्या आल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही. या काळात मत पोहोचवण्याचा एक नवा मार्ग निघाला : बाल्कनीतून ओरडणं! केबलवाला गल्लीतलाच असायचा. चित्र हललं तर ओरडा, जुना पिक्चर हवा तर सांगा. आमचा केबलवाला रमजानमध्ये पडद्याखालच्या पट्टीत इफ्तारची वेळ दाखवी आणि गणपतीत मंडळाची आरती. कारण दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक त्याला रोज रस्त्यात भेटत.

मग मोबाइल आला आणि मताला दर लागला. ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तो लोकांच्या एसएमएसवर. अशा कार्यक्रमांच्या एसएमएसचा दर नेहमीपेक्षा चढा असे. ज्याच्याकडे पैसे जास्त, त्याला मतं जास्त. आपल्या शहरातल्या पोरासाठी लोकांनी हौसेनं खर्च केला. त्यात गैर काही नाही, पण दाद आणि खरेदी यांतली सीमारेषा पुसट झाली ती तेव्हापासून.

याच सुमारास काही घरांत मीटर बसले होते. मीटरनं काय पाहिलं ते नोंदवायचं आणि त्यावरून साऱ्या देशाची आवड ठरवायची. २०२०मध्ये देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी मानली जात आणि मीटरची घरं पन्नास हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मीटरच्या काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी पैसे दिले जातात, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला. वृत्तवाहिन्यांची आकडेवारी थांबवली गेली, ती मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली. खटला पुढे मागे घेण्यात आला. पण इतक्या थोड्या घरांवरून इतक्या साऱ्यांची आवड ठरते, हे त्या निमित्तानं पुष्कळांना प्रथमच समजलं.

आणि आता खिशातला पडदा. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६मध्ये भारतात आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं आणि मनोरंजन हातात आलं. सुरुवातीला नेटफ्लिक्सवर प्रेक्षक पाचपैकी तारे देत. एप्रिल २०१७मध्ये ते काढून फक्त अंगठा ठेवला. तारे देताना लोक गंभीर माहितीपटांना झुकतं माप देतात, पण प्रत्यक्ष बघतात हलकंफुलकं, असा कंपनीचा अनुभव होता. मला या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण वाटतं. तारे हे आपलं मत होतं. काय पाहिलं, ही आपली सवय. यंत्रानं मतापेक्षा सवयीवर जास्त विश्वास ठेवला. दिवसभर लोकलमध्ये उभं राहून आलेला माणूस रात्री काहीतरी लावतो आणि बघता बघता झोपतो. त्याच्या झोपेचीही पसंती म्हणून नोंद होते. नोव्हेंबर २०२१पासून यूट्यूबनं तर नापसंतीचे आकडे लोकांना दाखवणंच बंद केलं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. पोस्टकार्डांतही लबाडी चाले. एकच माणूस दहा नावांनी लिही. ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याची फर्माइश मनातच राहिली. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला कार्ड कोण आणून देणार? आज तीच बाई दुपारी कोणालाही न विचारता हवी ती कव्वाली, हवा तो अभंग लावते आणि यंत्र तिचीही नोंद घेतं. ही सोय थोडी नव्हे.

पण नोंद घेणं म्हणजे दाद घेणं नव्हे. गेल्या वर्षी एका गाण्यांच्या सेवेवरच्या माझ्या यादीतून काही जुनी गाणी एका सकाळी नाहीशी झाली. वर्गणी मी भरलेली. विचारायला गेलो तर यंत्रानंच उत्तर दिलं, आणि माझा प्रश्न त्याच्या ठरलेल्या चार प्रश्नांत बसेना. मी रात्री किती वाजता काय ऐकतो हे त्यांना ठाऊक आहे, पण मला काय म्हणायचं आहे ते ऐकायला माणूस नाही. केबलवाला निदान खाली यायचा.

म्हणून वाटतं, दाद देण्याची सवय सुटली तर सुटली, दाद मागण्याची सुटू नये. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५मध्ये, क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निवाडा दिला. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९चा. वर्गणी घेताना सोपं आणि बंद करताना भूलभुलैया, अशा युक्त्यांना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३मध्ये काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवावा.

१९५२ साली बटण फिरवलं की आवाज दुसऱ्या देशातून येई आणि सरकारला ते उमगे. आज एक सेवा सोडून दुसरी धरली तरी तिथेही तीच नोंदवही उघडी असते. तेव्हा एखादा कार्यक्रम खरोखर आवडला तर लिहा, नाही आवडला तरी लिहा, आणि खाली आपलं नाव-गाव घाला. आकाशवाणीकडे अजूनही पत्रं येतात आणि ती वाचणारी माणसं अजून आहेत.