खडा पारशी आणि लॉजचे दार

मुंबईला जाऊन आलेल्या पुष्कळांनी भायखळ्याचा 'खडा पारशी' पाहिला असेल. ओतीव लोखंडाचा उंच खांब, पायथ्याशी मत्स्यकन्या आणि माथ्यावर पगडी घालून उभे असलेले शेठ. हल्ली ते बिचारे उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांमध्ये सापडले आहेत. हे शेठ म्हणजे खर्शेदजी माणेकजी श्रॉफ. पुतळा उभारला त्यांच्या मुलाने, माणेकजी खर्शेदजी यांनी. बाप शतकाहून अधिक काळ चौकात उभा आहे. मुलाचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. मला ते कळले ते कोर्टाच्या नादाने. सौंसरला उमेदीची वर्षे वकिलीत घालवलेल्या माणसाला अशा गोष्टी चाळण्याची खोड असतेच.

माणेकजींचा जन्म १८०८ चा. पुढे ते मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश झाले. इंग्रजी त्यांना उत्तम येत असे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले, पण त्याच सोसायटीच्या मुंबई शाखेला, म्हणजे ज्यांच्याशी रोज रस्त्यात गाठ पडायची त्या साहेबांना, हा 'नेटिव्ह' शेजारच्या खुर्चीवर नको होता. अखेर १८४० साली त्यांना प्रवेश मिळाला. त्या शाखेचे ते पहिले हिंदी सभासद.

दुसरे दार याहून घट्ट होते. ते फ्रीमेसन मंडळींचे. युरोपात गवंड्यांचे जे जुने संघ होते, त्यांच्या खुणा आणि शब्द घेऊन ही बंधुसभा वाढली. १७१७ साली लंडनला तिचे पहिले 'ग्रँड लॉज' स्थापन झाले. ओळंबा, गुण्या, कंपास ही गवंड्याची हत्यारे तिची चिन्हे झाली. बैठका बंद दाराआड होत, म्हणून आपल्याकडचे लोक अशा इमारतीला 'जादूघर' म्हणत. आत जादू कसली! शपथा, विधी, दानधर्म आणि मेजवान्या. नियम मात्र स्वच्छ होता: परमेश्वर मानणारा सदाचारी माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो बंधू होऊ शकतो.

माणेकजींनी नेमका हाच नियम धरला. मुंबईच्या 'पर्सिव्हरन्स' लॉजमध्ये सगळे युरोपियन. तिथे त्यांना नकार मिळाला. दुसरा एखादा घरी बसला असता. हे गृहस्थ विलायतेला गेले आणि १८४२ साली पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेऊन परतले. आता तर ते पक्के बंधू होते. तरी मुंबईच्या लॉजने पुन्हा दार लावून घेतले! भायखळ्याहून कोटात शिरायला पॅरिसचा वळसा, आणि तोही फुकट.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स हा स्कॉटिश गृहस्थ पुढे झाला. काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स तो याचाच भाऊ. पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश लॉजेसचा हा प्रमुख. त्याने १५ डिसेंबर १८४३ रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे हिंदी लोकांसाठी उघडे असलेले लॉज स्थापन केले. शपथेसाठी तिथे बायबलच्या जोडीला अवेस्ता आणि कुराण आले. हिंदूंची वाट याहून लांब होती. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना दीक्षा मिळाली ती १८७२ साली, नऊ वर्षांच्या झगड्यानंतर.

त्याच काळातला अमेरिकेतला एक वकील इथे आठवतो. अल्बर्ट पाइक, जन्म १८०९, माणेकजींहून वर्षाने धाकटा. कवी, ग्रंथकार आणि फ्रीमेसन मंडळींतला मोठा अधिकारी. त्याने ऋग्वेदातील देवतांवर भलामोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. पण हाच माणूस यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती होता, आणि काळ्या मेसनांना बंधू मानायला तो तयार नव्हता. आमच्या वेदांतले इंद्र-वरुण त्याला दूर देशी जवळचे वाटले, शेजारचा माणूस नाही. मुंबईच्या साहेबांचे दुखणे यापेक्षा फार निराळे नव्हते.

माणेकजींनी स्वतःच्या लोकांनाही सोडले नाही. १८४४-४५ मध्ये 'बॉम्बे टाइम्स'मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून त्यांनी पारशी पंचायतीची झडती घेतली. गरिबाला एक न्याय आणि श्रीमंताला दुसरा, म्हणून पंचायतीचा वचक गेला, असे त्यांचे म्हणणे. १८६० साली ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली. १८५९ मध्ये त्यांनी आपल्या भायखळ्याच्या बंगल्यात मुलींची शाळा सुरू केली, शिकवायला त्यांच्याच मुली. त्यातून १८६३ साली 'अलेक्झांड्रा' ही मुलींची इंग्रजी शाळा उभी राहिली. मला मनातून वाटते, ती गुजरातीत असती तर? पण ज्या दारांवर त्यांनी आयुष्यभर थापा मारल्या ती सारी इंग्रजीच होती. १८८७ साली ते वारले.

आपल्याकडे दार भाषेचे आहे. १९५६ पर्यंत आमचे अपील नागपूरला जाई, मग जबलपूरला जाऊ लागले. नातीगोती काटोल-नरखेडला, सातबारा हिंदीत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, कचेरी जवळ आली, एवढेच. पण ज्या १९५६ साली ही रेघ पडली, त्याच साली राज्यघटनेत ३५०-क हे कलमही आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. माणेकजींनी लॉजवाल्यांना त्यांचाच नियम दाखवला होता. आपल्या हाती तर घटनेचे कलम आहे.

वकिली थांबवल्यावर मी या कलमाचा आधार घेऊन मराठी वर्गांसाठी पालकांचे तीन अर्ज लिहून दिले. एकाचे उत्तर आले, 'विचाराधीन' म्हणून. उरलेल्या दोघांचे पालक अजून दर सोमवारी पोस्टमनला विचारतात.